प्रत्येक लायब्ररीचं वेगळं पंचांग

डेबियनसाठी तारीख-वेळेच्या लायब्रऱ्यांचं पॅकेजिंग करणारे माझ्यासारखे स्वयंसेवक एक काम हमखास करतात आणि त्याबद्दल हमखास शिव्या खातात. लायब्ररीच्या पोटात लेखकाने भरलेली टाइमझोनची यादी (कुठल्या देशाचं घड्याळ कधी पुढे, कधी मागे) आम्ही काढून टाकतो. तिला सिस्टिमवरच्या 'टीझेडडेटा' या पॅकेजमधली यादी वाचायला लावतो. पायथनच्या 'पायटीझेड'चं डेबियनमध्ये हेच केलं आहे. मूळ लेखक चिडतात, "आमच्या कोडला हात लावू नका." लावणारच. ती यादी तुमचा कोड नाहीच. ती जगभरच्या सरकारांच्या लहरींची नोंदवही आहे.

मार्च २०२३. लेबनॉनमध्ये उन्हाळी वेळ सुरू व्हायला दोन-तीन दिवस उरले असताना सरकारने जाहीर केलं, की रमजान संपेपर्यंत घड्याळं पुढे करायची नाहीत. मॅरोनाइट चर्चने ते धुडकावलं, काही वाहिन्यांनीही. एकाच देशात दोन वेळा चालू. सरकारचं ऐकून २३ तारखेला टीझेडडेटाची २०२३बी आवृत्ती निघाली. २७ला सरकारने निर्णय फिरवला आणि २८ला २०२३सी आली, जुना नियम परत घेऊन. पाच दिवसांत दोन आवृत्त्या! मशीनवर यादीची एकच प्रत असेल, तर एक पॅकेज अपडेट केलं की काम झालं. पण जावा स्वतःची प्रत बाळगते, नोडच्या आयसीयूत आणखी एक असते, वर प्रत्येक कंटेनरमध्ये एकेक. त्यातली कुठली बीवर अडकली आणि कुठली अजून २०२१मध्येच आहे, हे कोण बघतं?

आपल्याकडे हे पटवणं अवघड जातं. आपलं साडेपाच तासांचं गणित हलत नाही, त्यामुळे टाइमझोन म्हणजे एक आकडा असं आपण धरून चालतो.

लेखकांची एक तक्रार खरी आहे. यादी बदलली की लायब्ररीच्या चाचण्या मोडतात. २०२२बीमध्ये कित्येक झोनचा १९७०पूर्वीचा इतिहास बदलला, तेव्हा माझे दोन रविवार त्यात गेले. पण २०४० साली अमुक शहरात किती वाजले असतील याची चाचणी लिहिणाऱ्याची मला फारशी कीव येत नाही. दुसरा बचाव असा, की विंडोजवर अशी यादी नसते. मग पायथनने काय केलं? २०२०मध्ये आलेल्या ३.९च्या 'झोनइन्फो'त आधी सिस्टिमची यादी शोधली जाते. नसेल तरच वेगळ्या पॅकेजमधली. अशी सोय करणं काही फार कठीण नाही.

गेल्या महिन्यात नेमका असाच पॅच मी एका लायब्ररीच्या लेखकाला पाठवला. त्याने तो बंद केला. कारण: "एकाही वापरकर्त्याने तक्रार केलेली नाही." बैरुतमध्ये ज्याची मीटिंग तासाभराने चुकली, त्याने मोबाइलला शिव्या घातल्या असतील. या लायब्ररीचं नाव त्याला कुठून माहीत असणार?