वांझ बियाणे आणि आपला बाजार

बियाण्याचा प्रश्न शेतकऱ्याचा, कापडवाल्याचा किंवा गादी-रजई भरणाऱ्या पिंजाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्या अनेक व्यापारी बंधूंना वाटते. आमचे मत तसे नाही. परभणी जिल्ह्यात कापूस विकला गेला तरच कापडाची उधारी वसूल होते. शेतकऱ्याचा बियाण्याचा खर्च वाढला की त्याचा फटका आमच्या खातेवहीलाही बसतो.

मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत डेल्टा अँड पाइन लँड ही कंपनी व तेथील कृषी खाते यांना वांझ बियाण्याचे पेटंट मिळाले. त्याला 'टर्मिनेटर' हे नाव पडले. हे बी पेरले तर पीक नेहमीसारखे येते, रुई मिळते, सरकीचे तेलही निघते. मात्र तीच सरकी पुन्हा पेरली तर उगवत नाही.

याचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. संशोधनात पैसा लावणाऱ्याला तो परत मिळण्याची हमी मिळते. बदललेले जनुक बियाण्यातून पुढे पसरण्यालाही आळा बसतो. पण नुकसान त्याहून मोठे आहे. दर मृगाला बी विकतच घ्यावे लागेल आणि भाव विकणारा ठरवील. पराग उडून शेजाऱ्याच्या घरच्या बियाण्यातले काही दाणेही वांझ होऊ शकतात.

नोव्हेंबर १९९८ मध्ये कर्नाटकात रायचूर भागात या भीतीने शेतकऱ्यांनी चाचणीचा कापूस जाळला. तो कापूस बीटी होता, टर्मिनेटर नव्हता. १९९९ मध्ये मोन्सँटोने वांझ बी बाजारात न आणण्याचे जाहीर केले. आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने अशा वाणाची नोंदणी बंद केली आणि घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. टर्मिनेटर आजवर कोठेही विक्रीला आलेले नाही.

मग चिंता संपली काय? नाही. २००२ मध्ये बीटी कापूस आला तो संकरित बियाण्यात. संकरिताची सरकी उगवते, पण पुढचे पीक एकसारखे येत नाही. म्हणून पाकीट दरवर्षी घ्यावेच लागते. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १,६०० रुपये पडत. २००६ मध्ये आंध्र सरकारने तक्रार नेली तेव्हा भाव साडेसातशेच्या आसपास उतरला. २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद दिली नाही, तरी पाकीट घेणे सुटले नाही. वांझ बियाण्याला कायद्याने दार बंद केले. शेतकऱ्याची पाळी मात्र तीच राहिली.

यावरचा एक मार्ग आपल्या परभणीतच आहे. येथील कृषी विद्यापीठाच्या महबूब बाग केंद्राने देशी कापसाचे सरळ वाण तयार केले आहेत. 'परभणी तुराब' त्यातलाच. सरळ वाणाची सरकी राखून पुन्हा पेरता येते. शिवाय देशी कापसाचा अमेरिकन कापसाशी सहजासहजी संकर होत नाही. बोंड लहान, वेचणी महाग, ही अडचण खरी आहे. म्हणूनच त्याला वेगळा भाव मिळाला पाहिजे.

हा भाव शेतकरी एकटा मिळवू शकत नाही. जिनिंगवाले, पिंजारी आणि कापडवाले यांनी देशी कापूस वेगळा मागावा, वेगळा मोजावा. गिऱ्हाईक असेल तरच शेतकरी तो पेरील. त्याच्या घरात बी राहिले, तर आपल्या बाजारात पैसा राहील.