खरेदी झाली, पण कोणाकडून?

वाचकहो, बांधावरून होणारे तंटे आपणांस नवे नाहीत. केनियात मात्र बांधच परक्यांनी घातले होते. इंग्रजी अमदानीत तेथील उंच, सुपीक प्रदेश गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती गेला. १९६३ साली स्वातंत्र्य आले; तरी बरीचशी जमीन मूळ रहिवाशांस परत न मिळता राजीखुशीच्या खरेदी-विक्रीने हस्तांतरित झाली. ज्याच्या गाठीस पैसा व सरकारदरबारी वजन, त्याची सरशी झाली.

२००७-०८ च्या निवडणूक-दंगलीत हजाराहून अधिक माणसे प्राणास मुकली. तिच्या मुळाशी जमिनीचा जुना राग होताच. म्हणून २०१३ साली पोलीसप्रमुखांनी पुढाऱ्यांस या विषयावर बोलू नका, असे बजावले! तथापि २५ फेब्रुवारीस उमेदवारांच्या जाहीर वादसभेत प्रश्न निघालाच. पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव उहुरू केन्याटा यांनी टावेटा भागात कुटुंबाची सुमारे ३०,००० एकर जमीन असल्याचे मान्य केले. आपल्या जमिनी रीतसर घेतलेल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे.

कागद खरे असतीलही. परंतु विकणाऱ्याकडे ती जमीन कशी आली, हे खरेदीखत सांगत नाही. शिवाय २००४ च्या एनडुंगू आयोगाच्या अहवालात सुमारे दोन लाख बेकायदा सनदांचा उल्लेख आहे.

केन्याटा निवडून आले. त्याच वर्षी जूनमध्ये न्यायालयाने त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष विल्यम रूटो यांस, दंगलीत पळून गेलेल्या एका शेतकऱ्याची १०० एकर जमीन सोडण्याचा व ५० लाख शिलिंग भरपाई देण्याचा हुकूम केला. आपण ती विकत घेतली, असे त्यांचेही म्हणणे होते.