वॉसेलच्या प्याल्यातले जायफळ

डिसेंबर उजाडला की इंग्लंडमधील पाककृतींच्या पानांवर ‘वॉसेल’ हमखास अवतरते. सफरचंदाचा रस, दालचिनी, लवंग, जायफळ आणि संत्रे. मंद आचेवर तापवलेले हे पेय नाताळच्या मेळाव्यांत मोठ्या वाडग्यातून वाढले जाते. पाककृतीच्या माथ्यावर एक ओळ ठरलेली असते: शतकानुशतके चालत आलेली अस्सल इंग्रजी परंपरा. हा धागा त्या ‘अस्सल इंग्रजी’ या दोन शब्दांविषयी आहे.

परंपरा जुनी आहे, यात शंका नाही. ‘निरोगी राहा’ अशा अर्थाच्या एका प्राचीन अभिवादनातून हा शब्द आला. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने सांगितलेल्या दंतकथेत सॅक्सन सरदाराची कन्या रोवेना राजा व्होर्टिगर्नपुढे प्याला धरून हाच शब्द उच्चारते आणि राजाला त्याचे उत्तर दुभाष्याकडून शिकून घ्यावे लागते. इंग्लंडच्या पश्चिम भागात तर वॉसेल झाडांनाही पाजतात. सॉमरसेटमधील कारहॅम्प्टन गावी १७ जानेवारीला सफरचंदाच्या झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, फांद्यांवर भिजवलेला पाव ठेवतात आणि बंदुकीचे बार काढतात. तारीख १७ च का? १७५२ मध्ये ब्रिटनने दिनदर्शिका बदलताना ११ दिवस गाळले. बागाईतदारांनी आपला सण मात्र जुन्याच हिशेबाने चालू ठेवला.

आता प्याल्याकडे वळावे. आजच्या घरगुती रीतीत दोन लिटर सफरचंदाच्या रसाला दालचिनीच्या दोन कांड्या, आठ-दहा लवंगा आणि एका संत्र्याच्या चकत्या पुरतात. लवंगा संत्र्याच्या सालीतच टोचल्या तर नंतर वेचत बसावे लागत नाही. मसाला अख्खाच घालावा. पूड रस गढूळ करते आणि तळाशी बसते. पातेले अर्धा तास मंद आचेवर ठेवावे, उकळी मात्र फुटू देऊ नये, कारण मसाल्यांचा सुगंध ज्या तेलांत असतो ती वाफेबरोबर उडून जातात. जायफळ अगदी शेवटी, वाढण्याच्या क्षणी किसावे. जुन्या रीतीत रसाऐवजी एल नावाची बिअर असे आणि तीत भाजलेली सफरचंदे सोडत. भाजताना सफरचंद फुटून त्याचा पांढरा, मऊ गर फुलून येतो. म्हणून या प्रकाराला ‘लॅम्ब्स वूल’, म्हणजे कोकराची लोकर, म्हणत असल्याचे मानले जाते.

सॅम्युएल पीप्सने आपल्या रोजनिशीत ९ नोव्हेंबर १६६६ च्या रात्री याच लॅम्ब्स वूलचा उल्लेख केला आहे. लंडनची प्रचंड आग विझून दोन महिने झाले होते आणि पीप्स मध्यरात्रीनंतर दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत हे पेय पीत होता. पीप्स नौदलाच्या कारभारातील अधिकारी होता आणि त्या वेळी इंग्लंडचे डचांशी समुद्रावर युद्ध चालू होते. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १६६५ मध्ये, पकडून आणलेल्या डच जहाजावर तो चढला होता. तेथे पायाखाली मिरी तुडवली जात होती आणि लवंग-जायफळाच्या राशींतून तो गुडघ्यांच्या वर बुडून चालला, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. आजची पाककृती जे जायफळ चिमूटभर किसायला सांगते, ते या माणसाने युद्धातील लूट म्हणून पाहिले होते.

ते जायफळ आले कोठून? बांदा बेटांवरून. हे बांदा म्हणजे सिंधुदुर्गातले गाव नव्हे. आजच्या इंडोनेशियातील हा चिमुकला द्वीपसमूह. त्या काळी जगात जायफळ तेवढ्या बेटांवरच पिकत असे. बेटवासी डचांशी झालेले करार मोडून इतर व्यापाऱ्यांना माल विकतात, असे कारण पुढे करून डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून १६२१ मध्ये आरमार घेऊन आला. बेटांवरील ४४ प्रमुखांचा जपानी भाडोत्री सैनिकांकरवी शिरच्छेद करण्यात आला. अंदाजे १५,००० लोकवस्तीपैकी बेटांवर हजाराच्या आसपास उरले. बाकीचे मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. रिकाम्या झालेल्या बागांत कंपनीने गुलाम आणून जुंपले.

याच बेटांपैकी ‘रन’ बेटाच्या बदल्यात इंग्रजांना मॅनहॅटन मिळाले, ही गोष्ट समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. ती चटकदार आहे, पण पुरती खरी नाही. १६६७ च्या ब्रेडा तहात ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडेच राहावे, असे ठरले. मॅनहॅटन इंग्रजांनी १६६४ मध्येच घेतले होते. या गोष्टीत सौदा रंगतो आणि बेटावरची माणसे दिसेनाशी होतात, हा तिचा मोठा दोष.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मसाले युरोपात वसाहतींच्या कितीतरी आधी, अलेक्झांड्रिया आणि व्हेनिसमार्गे पोहोचले होते. तेव्हा वॉसेलला वसाहतवादाचे अपत्य ठरवणे चूक आहे. हे मान्यच करायला हवे. लवंग द्वीपांतराहून येते, हे कालिदासालाही ठाऊक होते. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात तसा उल्लेख आहे. पण दूरच्या बेटावरचा माल विकत घेणे वेगळे आणि त्या मालासाठी ते बेट निर्मनुष्य करणे वेगळे. सतराव्या शतकात हा फरक पडला आणि लॅम्ब्स वूल पिणारा पीप्स त्याच शतकातला.

दुसरा आक्षेप असा की, सणाच्या पेयात हत्याकांड कशाला कालवायचे? हा मात्र पटणारा नाही. इतिहासाची दुहाई त्या पाककृतीच देतात. रोवेना हवी, पीप्स हवा, सॉमरसेटची झाडे हवीत आणि बांदा तेवढे नको, अशी निवड करणाऱ्याने निदान ‘परंपरा’ हा शब्द जपून वापरावा. हा हिशेब केवळ इंग्रजांचा नाही. सुरतेच्या डच वखारीतही बांदाचे जायफळ विकले जाई. तेव्हा आपल्याकडची जुनी पुरणपोळीही यातून अलगद सुटत नाही.

राहता राहिला वाडगा. सतराव्या शतकापासूनचे श्रीमंती थाटाचे वॉसेलचे वाडगे लिग्नम व्हिटी नावाच्या अतिशय जड, कठीण लाकडातून कातलेले असत. हे झाड इंग्लंडात उगवत नाही. ते कॅरिबियन बेटांवरून येई. प्याल्यात पडणारी साखरही त्याच समुद्रातून येऊ लागली होती. बार्बाडोससारख्या बेटांवर तिचा ऊस आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून पिकवून घेतला जाई.