धावा कोणत्या माऱ्यापुढे?
फलंदाजाची थोरवी सरासरीवरून ठरत नाही, तशी प्रतिस्पर्धी संघाच्या नावावरूनही नाही. सुनील गावसकर यांच्या ३४ कसोटी शतकांपैकी १३ वेस्ट इंडिजविरुद्धची, हे आवर्जून सांगितले जाते. मात्र त्यांतील ८ शतके दोनच मालिकांतील आहेत. १९७१ मध्ये कॅरेबियन वेगवान माऱ्याचा दरारा निर्माण व्हायचा होता. १९७८-७९ मध्ये प्रमुख गोलंदाज पॅकर यांच्या मालिकेत गुंतले होते. म्हणूनच १९८३ मध्ये मार्शल आणि होल्डिंग यांच्यापुढे दिल्लीत ९४ चेंडूंत झळकावलेले शतक आणि चेन्नईतील नाबाद २३६ धावा अधिक वजनदार ठरतात. अर्थात, एका मालिकेवरून निवाडाही धोक्याचा: त्याच वर्षी कॅरेबियन भूमीवर ५९८ धावा करणाऱ्या मोहिंदर अमरनाथ यांना मायदेशी ६ डावांत एकच धाव करता आली.