मका पिवळा पडला म्हणून युरिया ओतू नका



सरदाची भातकापणी आटोपली की पेडणे व डिचोलीत वायंगणाची लगबग सुरू होते. ज्यांना तिळारीच्या कालव्याचे किंवा आमठाणे धरणाचे पाणी मिळते, त्यांच्यापैकी कोणी भाताऐवजी मका घेतो. कणसे बाजाराला, ताटे गुरांना, असा त्यात दुहेरी लाभ आहे.

गेल्या हंगामात एका रविवारी मिस्सा संपल्यावर एका शेतकऱ्याने मला आपले शेत दाखवायला नेले. मका पिवळा पडला होता. दोनदा युरिया टाकून झाला होता आणि तिसऱ्या वेळेचे पोते बांधावर तयार होते. मी वाफ्यात पाऊल ठेवले, तर ते घोट्यापर्यंत रुतले. भाताप्रमाणे मक्यातही पाणी तुंबवून ठेवले होते.

चूक येथेच होते. भात पाण्यात उभे राहू शकते, मका नाही. पाणी साचले की त्याच्या मुळांना हवा मिळत नाही व ती अन्न घेईनाशी होतात. टाकलेल्या नत्राचा काही भाग वायू होऊन उडतो, तर काही पाण्याबरोबर खोल झिरपतो. पाने पिवळी पडतात, आपण नत्र कमी पडले असे समजतो आणि पुन्हा युरिया फेकतो. पैसा मात्र चिखलात जातो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की मक्यात आधी पाण्याची सोय करावी, मग खताचा विचार करावा. सपाट वाफे भरण्याऐवजी सरी-वरंबे काढा. बी वरंब्याच्या बगलेला टोचा, पाणी सरीतून द्या आणि जादा पाण्याला वाट ठेवा. वीतभर खोलची माती मुठीत दाबून पाहा. तिचा गोळा होत असेल तर पाण्याची घाई नको. मात्र तुरा व कणसाचे केस येण्याच्या दिवसांत पाण्यात खंड पडू देऊ नका. त्या वेळी ताण बसला तर कणसात दाणे भरत नाहीत, आणि ते नुकसान कोणतेही खत भरून काढत नाही. म्हणून कालव्याची पाळी विचारूनच पेरणीचा दिवस ठरवा.

आता खताचा हिशेब. संकरित मक्याला हेक्टरी सुमारे १२० किलो नत्र लागते. युरियात नत्र ४६ टक्के असते. म्हणजे हजार चौरस मीटरला सुमारे २६ किलो युरिया पुरतो. ४५ किलोंचे पूर्ण पोतेही लागत नाही. त्याचे तीन भाग करा: एक पेरणीच्या वेळी, दुसरा पीक गुडघाभर झाल्यावर, तिसरा तुरा येण्याच्या सुमारास. ओल असताना ओळीजवळ टाकून मातीने झाका. शेणखत भरपूर घातले असेल किंवा आधी अळसांदे घेतले असतील तर युरिया आणखी कमी करता येतो. माती तपासून घ्यावी. त्यासाठी विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा.

कोणी म्हणेल, “फादर, तीनदा खत टाकायला माणसे कुठून आणायची?” अडचण खरी आहे. पण एवढ्याशा तुकड्याला एकेका वेळी सकाळचे काही तासच लागतात. एकदम टाकलेले खत वाहून जाते, त्याची मजुरीही वायाच जाते.

शेवटी आरोग्याची गोष्ट. आपल्या जांभ्या जमिनीतून पाणी लवकर झिरपते, आणि शेताच्या खालच्या अंगाला बहुधा कोणाची तरी विहीर असते. वाया गेलेले नत्र नायट्रेट होऊन त्या विहिरीत उतरू शकते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून पुष्कळ जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात बाटलीचे दूध कालवले, तर सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, बाळ निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट ते दाट होते. शेताजवळच्या विहिरीचे पाणी बाळाला देण्याआधी तपासून घ्यावे.

तो शेतकरी त्या दिवशी पोते घरी घेऊन गेला आणि फावड्याने चर खणून त्याने पाणी काढून दिले. पुढच्या पिवळ्या पानाला आपणही आधी फावडे घेऊनच भेटावे.