विमानाची परीक्षा आणि माणसाची परीक्षा

वैमानिक होण्याची इच्छा बाळगणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतोच. तापीकांठच्या शेतांत उभें राहून, आकाशांतून जाणारें विमान दिसेनासें होईपर्यंत न्याहाळणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांतही नवें लढाऊ विमान प्रथम उडविणारा जो चाचणी-वैमानिक, ज्यास सर्वजण टेस्ट पायलट म्हणतात, त्याच्याविषयीं त्यांच्या मनांत मोठें अद्भुत चित्र असतें. हा मनुष्य निधड्या छातीचा, मृत्यूशीं खेळणारा व कोणाचें न ऐकणारा असावा, असें त्यांस वाटतें. हें चित्र अर्धवट आहे, आणि त्यांतील शेवटची रेषा तर अगदींच चुकीची आहे, असें आमचें मत आहे.

या मनुष्याचें काम काय, तें प्रथम पाहूं. तें आपल्यापासून फार दूर चालतें असें नाहीं. नाशिकजवळ ओझर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ सालीं मिग विमानांसाठीं स्थापन झाला. पुढें तेथें सुखोई विमानें तयार झालीं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तेथेंच तयार झालेलें पहिलें तेजस विमान आकाशांत गेलें. कारखान्यांतून बाहेर पडलेलें विमान तसेंच वायुसेनेच्या स्वाधीन करीत नाहींत. चाचणी-वैमानिक तें आधीं उडवून पाहतो. इंजिन कसें वागतें, वळतांना विमान जड होतें काय, वेग कमी करीत नेल्यास तें कोणत्या क्षणीं हाताबाहेर जाऊं लागतें, हें सर्व तो ठरलेल्या क्रमानें तपासतो. खालीं उतरल्यावर तो आपला अहवाल देतो, व त्या अहवालावरून अभियंते दुरुस्ती करतात. तेव्हां या कामाचें खरें फळ उड्डाण नव्हे, तर अहवाल होय. त्यांतील एखादी गोष्ट लपविली गेली, तर उद्यां तसेंच विमान उडविणारा दुसरा कोणी तरुण प्राणास मुकेल.

या कामांत धोका आहेच. १९६१ सालीं ‘मरुत’ हें भारतांत बनलेलें लढाऊ विमान प्रथम उडविणारे सुरंजन दास हे १० जानेवारी १९७० रोजीं बंगळूर येथें त्याच विमानाच्या एका सुधारलेल्या नमुन्याची चाचणी घेतांना मृत्यु पावले. २७ जून २०१८ रोजीं ओझरहून चाचणीसाठीं निघालेलें सुखोई विमान निफाड तालुक्यांत शेतांत कोसळलें. सुदैवानें दोघेही वैमानिक हवाई छत्रीच्या साहाय्यानें सुखरूप उतरले. म्हणूनच या कामासाठीं केवळ धाडसी मनुष्य निवडीत नाहींत. बंगळूर येथें वायुसेनेची स्वतंत्र शाळा आहे. अनेक वर्षें विमानें उडविलेल्या निवडक अधिकाऱ्यांस तेथें सुमारें वर्षभर पुन्हां विद्यार्थी होऊन बसावें लागतें, आणि गणित व विज्ञान यांच्याबरोबरच, जें पाहिलें तेंच नेमकेपणानें लिहावयास शिकावें लागतें.

आतां आम्ही एका मराठी चाचणी-वैमानिकाकडे वळतों. विंग कमांडर दीपक वसंत साठे यांचें घर नागपूरचें. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत शिकून १९८१ सालीं ते वायुसेनेंत अधिकारी झाले. वायुसेना अकादमींतून बाहेर पडतांना सर्वोत्कृष्ट छात्रास दिली जाणारी मानाची तलवार त्यांस मिळाली होती. लढाऊ विमानांचे वैमानिक, शिक्षक व चाचणी-वैमानिक अशा नात्यांनीं बावीस वर्षें सेवा करून ते २००३ सालीं निवृत्त झाले, व पुढें प्रवासी विमानें चालवूं लागले.

७ ऑगस्ट २०२० रोजीं, करोनाच्या सांथीमुळें परदेशांत अडकलेल्या लोकांस दुबईहून घेऊन येणारें त्यांचें विमान केरळांतील कोळिकोड येथें भर पावसांत उतरलें. तेथील धांवपट्टी डोंगराच्या माथ्यावर आहे. विमान ती ओलांडून खालीं कोसळलें. आंत १९० माणसें होतीं. त्यांपैकीं २१ जणांस प्राण गमवावे लागले. साठे व त्यांचे सहवैमानिक हे दोघेही त्यांतच होते.

त्यानंतर साठे यांचा सर्वत्र वीर म्हणून गौरव झाला. पुढच्या वर्षीं सरकारी चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानें सांगितलें कीं, विमान स्थिर नसतांनाही उतरविण्यांत आलें. धांवपट्टी जवळजवळ अर्धी मागें पडल्यावर त्याचीं चाकें जमिनीस टेकलीं. ‘पुन्हां वर घ्या’ असें सहवैमानिकानें म्हटलें असतांही मुख्य वैमानिकानें विमान वर नेलें नाहीं, व सहवैमानिकानेंही सूत्रें आपल्या हातीं घेतलीं नाहींत. केवळ या दोघांवर बोट ठेवून तो अहवाल थांबला नाहीं. एकंदर व्यवस्थेंत मुरलेल्या दोषांचाही त्यानें स्पष्ट उल्लेख केला.

हा उत्तरार्ध मुलांस सांगावा कीं सांगूं नये? कित्येक पालक म्हणतील, ‘पूर्वार्धच सांगा. मुलांपुढें आदर्श ठेवावा; त्याचे दोष कशाला दाखवावे? शिवाय मृत मनुष्य उत्तर द्यावयास येऊं शकत नाहीं.’ हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. परंतु अशा चौकशीचा हेतु कोणास दोषी ठरविण्याचा नसून, तसा अपघात पुन्हां होऊं नये एवढाच असतो. जन्मभराच्या गुणांवर एका संध्याकाळीं पाणी पडत नाहीं. तसेंच त्या गुणांनीं ती संध्याकाळ पुसलीही जात नाहीं. ज्या विद्येंत साठे यांनीं नांव मिळविलें, तिचा पहिला नियमच असा आहे कीं, जें घडलें तें पूर्णपणें लिहावें. त्यांच्याविषयीं मात्र अर्धें लिहिणें हा त्यांचा सन्मान नव्हे. दोन्ही भाग सांगावे, आणि ते आदरानें सांगावे, असें आम्हांस वाटतें.

त्या अहवालापासून घरास व शाळेस घेण्याजोगा धडा असा कीं, मानाची तलवार मिळविलेल्या माणसाचीही चूक होऊं शकते. म्हणून धाकट्यानें वेळीं बोललें पाहिजे, आणि वडीलधाऱ्यानें तें ऐकलें पाहिजे. फळ्यावरील गणितांत गुरुजींची चूक दिसली तर मुलानें नम्रपणें हात वर करावा, व गुरुजींनीं त्याचे आभार मानावे. ‘बाबा, सायकलचा ब्रेक लागत नाहीं,’ असें मुलीनें म्हटलें, तर ‘तुला काय कळतें?’ हें उत्तर पित्याच्या तोंडीं येऊं नये.

आमच्या नंदुरबारास धैर्य म्हणजे काय हें बाहेरून शिकावें लागत नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शिरीषकुमार व त्याचे सोबती याच गांवच्या रस्त्यांत गोळ्यांस सामोरे गेले. तसा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्यास येत नाहीं. परंतु ‘माझी चूक झाली’ हें आपण होऊन सांगण्याचा प्रसंग मात्र प्रत्येकावर वारंवार येतो.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें ओझरच्या धांवपट्टीवरून नवें विमान उडवील, अशी आम्ही मनापासून आशा करितों. त्याची तयारी आजच करतां येते. प्रयोगवहींत हवें तें उत्तर यावें म्हणून आंकडे फिरवूं नका. जें मिळालें तेंच लिहा. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, कमी गुणांचें प्रगतिपुस्तक घेऊन मूल समोर उभें राहील, तेव्हां प्रथम तें न लपवितां आणल्याबद्दल त्यास शाबासकी द्या, व मग गुणांविषयीं बोला. खरा अहवाल देण्याची संवय येथूनच लागते.