कलम लावावे की पेटी आणावी?

परसात हापूसचे कलम लावले, तर मनासारखे फळ हाती यायला काही वर्षे वाट पाहावी लागते. बाजारातून पेटी आणली, तर आंबा त्याच दिवशी ताटात! मात्र पेटी आठवड्याभरात संपते. कलम जगले तर नातवंडेही आंबे खातात. पण ते जगेलच, याची हमी कोण देणार? हा साधा घरगुती हिशेब अमेरिकेतील एका अवाढव्य क्रीडाव्यवसायात दरवर्षी नव्याने मांडला जातो. तो जुळला तर शहर नाचते आणि चुकला तर त्याच शहराला वर्षानुवर्षे माना खाली घालून बसावे लागते. हा व्यवसाय म्हणजे अमेरिकन फुटबॉल.

फुटबॉल म्हटले की आपल्याला पेले आणि मॅराडोना आठवतात. अमेरिकेतला हा खेळ मात्र निराळाच. चेंडू लांबुळका, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाडजूड कवच, आणि चेंडू पायापेक्षा हातातच अधिक! त्यांच्या राष्ट्रीय लीगमध्ये 32 संघ आहेत. प्रत्येक संघात 53 खेळाडू असतात आणि वर्षाअखेरीच्या अंतिम सामन्याला ‘सुपर बोल’ म्हणतात. हे 53 खेळाडू जमवायचे कसे, हाच आपला आजचा विषय.

शेवटचा तो पहिला

आपल्याकडच्या आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो; जो जास्त बोली लावेल त्याचा खेळाडू. अमेरिकेत महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी बोली नसते, पाळी असते. या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. गंमत अशी, की गेल्या मोसमात जो संघ सर्वांत जास्त हरला, त्याला पहिल्यांदा निवड करायला मिळते आणि विजेता सर्वांत शेवटी उभा राहतो. अशा एकूण सात फेऱ्या होतात. दुबळ्याला आधार मिळावा आणि श्रीमंत संघांनीच सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, हा त्यामागचा हेतू. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली आणि 1936 साली पहिला ड्राफ्ट झाला. त्यात सर्वांत आधी निवडला गेलेला जे बर्वँगर हा खेळाडू या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही! फुटबॉलपेक्षा त्याला नोकरीधंद्यातच अधिक पैसा दिसला. म्हणजे कलम जगेलच याची खात्री नसते, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला.

निवडीची ही पाळी म्हणजे एक हक्क असतो आणि तो विकता, बदलता येतो. ‘तुमचा तयार, कसलेला खेळाडू आम्हांला द्या, त्याबदल्यात आमची पुढच्या दोन वर्षांची पहिल्या फेरीची पाळी तुम्ही घ्या,’ असे सौदे सर्रास चालतात. इथेच खरा पेच सुरू होतो.

व्हायकिंग्जचा सौदा

या सौद्यांतला सर्वांत गाजलेला सौदा 12 ऑक्टोबर 1989 रोजी झाला. डॅलस काउबॉइज हा संघ तेव्हा रसातळाला गेला होता. त्या मोसमातले 16 पैकी 15 सामने तो हरला. त्याच्याकडे नाव घेण्याजोगा एकच मोहरा होता, हर्शेल वॉकर. नवे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी तोच मोहरा विकायला काढला. मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाला वाटले, सुपर बोलला आपण एका खेळाडूने कमी पडतो आहोत. त्यांनी वॉकरच्या बदल्यात पाच खेळाडू दिलेच, शिवाय निवडीचे हक्कही देऊ केले.

खरी मेख करारात होती. डॅलसने त्या खेळाडूंना ठरलेल्या मुदतीत संघातून काढले, तर प्रत्येकामागे आणखी निवडीचे हक्क डॅलसला मिळणार होते. डॅलस आपले चांगले खेळाडू कशाला सोडेल, असा व्हायकिंग्जचा होरा होता. जॉन्सन यांना मात्र खेळाडू नकोच होते, हक्क हवे होते. अखेरीस पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचे तीन हक्क त्यांच्या पदरात पडले, शिवाय खालच्या फेऱ्यांचेही काही.

वॉकर पहिल्याच सामन्यात 148 यार्ड धावला आणि मिनेसोटात आनंदीआनंद झाला. पण तो आनंद टिकला नाही. तिथे एकाही मोसमात त्याला हजार यार्डांचा टप्पा गाठता आला नाही आणि 1991 च्या मोसमानंतर तो तिथून निघाला. इकडे डॅलसने मिळालेल्या हक्कांची पुढे अदलाबदल करून एमिट स्मिथसारखा खेळाडू मिळवला. चेंडू घेऊन 18,355 यार्ड धावण्याचा त्याचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. तळाला गेलेल्या डॅलसने 1992, 1993 आणि 1995 या मोसमांचे सुपर बोल जिंकले. ‘पी हळद नि हो गोरी’ म्हणणाऱ्याचे काय होते, हे सांगताना अमेरिकेत आजही व्हायकिंग्जचे उदाहरण देतात.

उताराला लागलेल्यांची टोळी

मग काय, कलम लावणारा तेवढा शहाणा आणि पेटी आणणारा वेडा? तसे मुळीच नाही. जॉर्ज ॲलन या प्रशिक्षकाची गोष्ट ऐका. 1971 साली ते वॉशिंग्टनच्या संघात आले. जे काही भविष्य आहे ते आजच आहे, हे त्यांचे ब्रीद. पुढच्या वर्षांच्या पाळ्या त्यांनी भराभर देऊन टाकल्या आणि इतरांनी वय झाले म्हणून बाजूला काढलेले खेळाडू गोळा केले. लोकांनी या संघाला ‘उताराला लागलेल्यांची टोळी’ असे नाव ठेवले. ॲलन यांचा उत्साह इतका दांडगा, की एकच हक्क दोन ठिकाणी देऊन टाकल्याबद्दल लीगने त्यांना दंडही केला! एकच प्लॉट दोन गिऱ्हाइकांना विकण्याचा हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

पण निकाल पाहा. 1945 नंतर बाद फेरीचे तोंडही न पाहिलेला वॉशिंग्टनचा संघ ॲलन यांच्या पहिल्याच वर्षी तिथे पोहोचला. दुसऱ्या वर्षी तो सुपर बोलमध्ये खेळला आणि मायामीकडून 14-7 असा हरला. मायामीचा तो संघ त्या मोसमात एकही सामना हरला नव्हता, तेव्हा त्या पराभवात कमीपणा कसला? ॲलन यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून लीगमध्ये 12 मोसम काढले, पण एकाही मोसमात त्यांच्या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. मात्र सुपर बोल त्यांना कधीच जिंकता आला नाही. 1968 नंतर पहिल्या फेरीत खेळाडू निवडायला वॉशिंग्टनला थेट 1980 साल उजाडावे लागले.

मर्यादा आली, हिशेब बदलला

ॲलन यांच्या काळी मालक हवा तेवढा पैसा ओतू शकत असे. 1994 पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती. 2024 साली ती 25 कोटी 54 लाखांवर गेली. ठरावीक पगारात महिना भागवणाऱ्या गृहिणीला यातली अडचण चटकन कळेल. कसलेला खेळाडू आणला, की त्याच्या पगारातच मोठा वाटा जातो. ड्राफ्टमधल्या नवख्याचा पगार त्याच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेला असतो आणि पहिला करार चार वर्षांचा असतो. तो पोरगा चमकला, तर चार वर्षे मोठा खेळाडू स्वस्तात मिळतो.

मग सर्वांत पहिला क्रमांक मिळवण्यासाठी जीव टाकावा का? नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी केड मॅसी यांच्याबरोबर याचाच अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की संघ अगदी वरच्या क्रमांकांना अवाच्या सवा किंमत देतात, कारण आपल्याला हिरा ओळखता येतो असा प्रत्येकाचा समज असतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. पण सात सुपर बोल जिंकणारा टॉम ब्रॅडी 2000 सालच्या ड्राफ्टमध्ये 199 व्या क्रमांकावर निवडला गेला होता. त्याचे पाय इतक्या साऱ्या पारख्यांना दिसले नाहीत!

दोन शहरांची अदलाबदल

आता अलीकडची गोष्ट. डेट्रॉइट लायन्स हा संघ 2008 साली सर्वच्या सर्व 16 सामने हरला. त्यामुळे 2009 साली पहिली पाळी मिळून मॅथ्यू स्टॅफर्ड हा उमदा क्वार्टरबॅक त्यांच्याकडे आला. तो 12 मोसम खेळला, पण बाद फेरीत त्याला एकही विजय मिळाला नाही. 2021 साली लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला घेतले. बदल्यात पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचा एक हक्क दिला, आणि वर आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफही देऊन टाकला. गॉफ हा 2016 च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. नव्या वस्तूच्या किमतीतून जुनी वस्तू वळती करावी, तसा तो त्या व्यवहारात गेला. अशा सौद्यांत खेळाडूचे मत क्वचितच विचारले जाते. बायको-मुले, घर, शाळा सगळे उचलून नव्या गावी जायचे, एवढेच त्याच्या हाती असते.

रॅम्सने पेट्यांवर पेट्या आणल्या. जेलेन रॅम्झी आला, व्हॉन मिलर आला. 13 फेब्रुवारी 2022 रोजी त्यांनी सिनसिनाटीला 23-20 असे हरवून सुपर बोल जिंकला. विजययात्रेत त्यांचे व्यवस्थापक लेस स्नीड यांनी निवडीच्या हक्कांची टर उडवणारा शर्ट घातला होता. त्यावरचा मजकूर कौटुंबिक साप्ताहिकात छापण्याजोगा नाही. पण एक गोष्ट त्या जल्लोषात दडून गेली. त्या सामन्यात निर्णायक ठरलेले कूपर कप आणि ॲरन डोनाल्ड हे दोघेही रॅम्सने स्वतः ड्राफ्टमधून निवडून वाढवलेले होते. कप तर तिसऱ्या फेरीतला! परसात दोन भक्कम झाडे होती, म्हणून बाजारातली पेटी शोभली.

पुढच्याच मोसमात रॅम्स 17 पैकी 12 सामने हरले. इतके पराभव कोणत्याही गतविजेत्या संघाच्या वाट्याला आले नव्हते. डेट्रॉइटने मात्र मिळालेले हक्क जपून वापरले. त्यांची पुढे अदलाबदल करत जामिर गिब्ज, सॅम लापोर्टा अशी तरणी पोरे जमवली. 14 जानेवारी 2024 रोजी बाद फेरीत डेट्रॉइटच्या मैदानावर रॅम्स आले. एका बाजूला स्टॅफर्ड, दुसऱ्या बाजूला गॉफ. डेट्रॉइटने 24-23 असा सामना जिंकला; गिब्ज आणि लापोर्टा दोघांनीही गुण मिळवले. बाद फेरीतला हा त्या शहराचा 32 वर्षांनंतरचा पहिला विजय. वळता केलेल्या गॉफच्या नावाचा प्रेक्षकांनी एकसुरात घोष केला.

मग त्या सौद्यात कोण जिंकले? खरे सांगायचे तर दोघेही. रॅम्सजवळ जवळजवळ तयार संघ होता आणि कमी होती ती एकाच माणसाची. त्यांनी ती किंमत देऊन भरून काढली. डेट्रॉइटचा पायाच खचला होता, त्यांना वेळ हवा होता. व्हायकिंग्ज फसले, कारण एका माणसाने सारे घर सावरेल असे त्यांनी धरले आणि किंमत मोजताना करार नीट वाचला नाही. आपण कोठे उभे आहोत हे ओळखणे पहिले, बाजारात जाणे नंतरचे.

हे रॅम्सलाही कळले असावे. 2023 साली त्यांनी पाचव्या फेरीत, 177 व्या क्रमांकावर घेतलेल्या पुका नाकुआने 1,486 यार्ड मिळवून नवख्यांचा विक्रम केला. आणि 2024 साली, आठ वर्षांनी प्रथमच, त्यांनी पहिल्या फेरीत एक खेळाडू निवडला. जॅरेड व्हर्स त्याचे नाव. वर्षअखेरीस तो बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला. त्या ड्राफ्टचा सोहळा ज्या शहरात भरला आणि ज्याला पावणेआठ लाखांहून अधिक माणसे लोटली, ते शहर कोणते असेल? डेट्रॉइट!